सासऱ्यांचं सागवान

जावयाचं विमान उडालं. मॉडेल विमानांच्या क्लबच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून, पंच आ वासून बघत असताना, पिसासारखं खाली उतरलं. आता हे घडलंच नाही असं समजून पुढे वाचा, कारण घरात तसंच ठरलंय.

मुळात प्रश्न मागच्या खोलीचा होता. भुसा आणि डिंकाच्या डब्यांनी ती गच्च भरलेली. "या रविवारी स्पर्धेत विमान उडालं तर खोली तुझी," बायको म्हणाली होती, "नाहीतर तिथे माझं शिलाई मशीन. आजवर तुझी विमानं नुसती रांगलीत."

आणि नेमका दुकानातला बाल्सा संपला. बाल्सा म्हणजे हातात घेतलं तरी घेतल्यासारखं न वाटणारं लाकूड. विमानाचे पंख त्याचेच करतात. जावई पर्याय शोधायला लागला. पद्धत साधी: अंगठ्याचं नख दाबायचं. रुतलं तर हलकं, नाही तर पुढची वस्तू. फळांच्या खोक्याचा पाइन कोरताना गाठीवर फुटला. स्टुलापुढे नखानेच हात टेकले. घड्याळाची चौकट पसंत पडत होती, तेवढ्यात बायकोने वेळ विचारली.

मग तो कपाटाकडे वळला. हे सासऱ्यांनी दिलेलं. "अस्सल सागवान, जावईबापू! तुमची नातवंडं वापरतील," असं ते दर भेटीत कपाटाला थोपटून सांगत. जावयाने आतल्या फळीवर नख ठेवलं. लोण्यात शिरावं तसं शिरलं. फळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर काट्याने दखलच घेतली नाही.

रविवारी सासरे मैदानावर हजर. विमान उतरलं (म्हणजे उतरलं नाही) आणि पंचांनी नियमाप्रमाणे विचारलं, "पंखाला लाकूड कोणतं?"

"अरे, हे तर आमच्या कपाटाचं पॉलिश!" सासरे पुढे सरसावले. "सांगा की, जावईबापू. लाजता काय?"

बायकोने जावयाचा दंड असा धरला की नखाची परीक्षा त्याचीच झाली. "बाबांची लाज काढलीस तर बघ," ती पुटपुटली.

"सागवान," जावई म्हणाला.

पंचांनी विमान तळहातावर तोललं. "सागवान? मग हे उडालं कसं?"

"उडायलाच नको होतं," दुसरे पंच म्हणाले.

बराच खल झाला. निकाल लागला: सागवानाचं विमान उडू शकत नाही, सबब ते उडालेलं नाही.

"बघितलंत?" सासरे सगळ्यांना सांगत सुटले. "तज्ज्ञांनीही मान्य केलं. अस्सल!"

संध्याकाळी मागच्या खोलीत मशीन आलं.

"तू स्वतः बघितलंस ना उडताना?" जावई कळवळला.

"बघितलं रे. पण पंचांपुढे मी कोण?" बायकोने सुईत दोरा ओवला.

दुसऱ्या दिवशी क्लबकडे अर्ज गेला:

"महोदय, सासऱ्यांनी दिलेले सागवान ही सागवानाची स्वतंत्र, वजनरहित जात मानून सदर उड्डाण झाल्याचे जाहीर करावे, तसेच खोलीचा ताबा अर्जदारास तात्काळ परत देण्याबाबत अर्जदाराच्या पत्नीस क्लबतर्फे कडक शब्दांत समज द्यावी, ही नम्र विनंती."