गोळ्या शेजारी ठेव

लिफ्ट दुरुस्त करताना तिच्या खड्ड्यात पडून खांदा मोडला, तेव्हा दुखण्याच्या त्या गोळ्या त्याला पहिल्यांदा मिळाल्या. खांदा जुळला, गोळ्या काही सुटल्या नाहीत. कसलाही नटबोल्ट त्याच्यापुढे हट्ट करत नसे, म्हणून कामावरचे सगळे त्याला ‘पाना’ म्हणायचे. हळूहळू पान्यालाच गंज चढला. कामावर डुलक्या, थापा, मग घरी बसणं. बायको कंटाळून निघून गेली. त्याच सुमारास आई कॅन्सरने अंथरुणाला खिळली. तिच्या डबीतल्या गोळ्या काढून त्याने दिसायला तशाच, पण साध्या व्हिटॅमिनच्या गोळ्या भरून ठेवल्या. आई कण्हत राहिली. ताईच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. तिने आरडाओरडा केला नाही. आई गेल्यावर त्याच्याशी बोलणं टाकलं, एवढंच.

पुढे तो व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, बाहेर आल्यावर घसरला, पुन्हा गेला. त्यानंतर मात्र इतकी वर्षं गोळीला शिवला नव्हता. जुने मित्र त्याने स्वतःच तोडले होते आणि नवे जोडणं काही जमलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचा, संध्याकाळी खोलीवर एकटा जेवायचा. सुट्टीच्या दिवशी तर तोंडातून एक शब्दही निघायचा नाही.

अशाच एका सुट्टीला ताईचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, लेक परदेशात आहे, करायला दुसरं कुणी नाही, असं तिने कोरडेपणाने सांगितलं.

“येतो,” तो म्हणाला. “पण दुखण्याच्या गोळ्या शेजारच्या काकूंकडे ठेव. घरात नकोत.”

ती “बरं” म्हणाली.

तो रोज जाऊ लागला. स्वयंपाक करायचा, तिला धरून चालवायचा, चादरी बदलायचा. दोघं कामापुरतं बोलायची. काकू वेळेवर गोळी आणून द्यायच्या. खरं कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ वेंधळा असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

एका दुपारी काकूंना घाईने बाहेर जावं लागलं. त्यांनी दारातच गोळ्यांचं पाकीट त्याच्या हातात कोंबलं, “तेवढी दुपारची द्या हं,” म्हणाल्या, आणि तो तोंड उघडेपर्यंत दिसेनाशा झाल्या.

गोळ्या त्याच होत्या. वाचायचीही गरज नव्हती, बोटांनीच ओळखलं. कधीचा बरा झालेला खांदा ठणकू लागला. आत ताई झोपली होती. एक कमी झाली तर कुणाला पत्ता लागणार होता? तो तसाच आत गेला आणि त्याने तिला हलवून उठवलं.

“ताई, हे घे. तुझ्या हातात धर. मी बाहेर बसतो.”

तिने पाकिटाकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे, आणि ते मुठीत घट्ट धरलं.

तो जिन्यात जाऊन बसला. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते. लिफ्ट बंद आहे का, असं एकाने विचारलं. चालू आहे, असं त्याने सांगितलं. काकू परतल्या तेव्हा आपल्याला या गोळ्यांचं व्यसन होतं, हे त्याने त्यांना सरळ सांगून टाकलं. त्या आत जाऊन ताईकडून पाकीट घेऊन आल्या.

तो आत गेला तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती.

“आईला शेवटी फार दुखायचं,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मी समजत होते, तुला तेव्हा काही कळत नसेल.”

“कळत होतं. कळत असूनही घेत होतो.”

ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, “उद्या जरा लवकर ये. टाके काढायला जायचंय.”

ती हिंडूफिरू लागली तसं त्याचं जाणं थांबलं. राहा म्हणून ती म्हणाली नाही, त्याचीही तशी अपेक्षा नव्हती. आता कधीमधी तिचा फोन येतो. गुडघा कसा आहे ते ती सांगते, “जेवलास का?” विचारते. तो “जेवलो” म्हणतो, आणि मग उठून एकट्यापुरता कुकर लावतो.