वेतुरियाचा वजनकाटा

"रफिला, खलाखालचं बोट काढ."

"कुठलं बोट?"

"तुझंच. माझी दहाही मला दिसताहेत."

रफिलाने बोट काढले, आणि काट्याची सुई निमूटपणे आपल्या सत्यस्थानी जाऊन थांबली. वेतुरियाने ती मान तिरपी करून वाचली, भिंतीवरच्या दरपत्रकाच्या पुठ्ठ्याकडे उगीचच एकदा पाहिले, आणि पितळी खलबत्ता उचलून मेजावर ठेवला.

"साडेतीन किलो. किलोला पाच ली. साडेसतरा झाले."

"साडेसतरा! आणि विकला गेला नाही म्हणजे?"

"तिकीट पत्र टाकताना लावतात, उत्तर आल्यावर नाही."

"पाद्रीणबाईंचं सोन्याचं नाणं नेटवर टाकलंस तेव्हा किती घेतलेस गं? एक ली! आणि माझ्या आजीच्या खलबत्त्याला साडेसतरा?"

"त्यांचं नाणं हलकं होतं. तूही सोनं आण, मी काय नको म्हणतेय?"

"मोठी आलीय पोस्टमास्तरीण," असे पुटपुटत रफिला पैसे आणायला घरी गेली. ती अशी तणतणत गेली की, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला जाड लोकरी कोट आणि त्यावरचा फुलाफुलांचा डोईचा रुमाल तिथेच राहिला.

सिबिउ शहराच्या वरच्या डोंगरांतल्या या रुंकु गावात एके काळी टपाल कार्यालय होते, आणि त्याच्या खिडकीमागे वेतुरियाचे सारे तारुण्य गेले. कार्यालय बंद झाले, काटा भंगारात निघाला. तिने तो भंगाराच्या भावाने विकत घेऊन घरी आणला. पुढे मुलीने जुना संगणक दिला, आणि गावातल्या लोकांच्या जुन्यापान्या वस्तू नेटवर विक्रीला मांडण्याचे काम तिच्याकडे आपसूक चालत आले. छायाचित्र काढणे, वर्णन लिहिणे, दूरदेशीच्या गिऱ्हाइकांच्या शंका निवारणे, वस्तू बांधून रवाना करणे, हे सर्व तीच करी.

आरंभी तिने इतरांप्रमाणे विक्रीतला दहावा हिस्सा घेऊन पाहिला. भावजयीचा चरखा चढ्या किमतीला गेला, तेव्हा भावजय म्हणाली, "तुझा वाटा वाढावा म्हणून थांबलीस." धाकट्या जावेची पेटी उतरत्या किमतीला गेली, तेव्हा जाऊ म्हणाली, "तुझा वाटा लवकर मिळावा म्हणून घाई केलीस." वेतुरियाला दोघींचा राग आला नाही. तिला स्वतःच्या डोळ्यांचे भय वाटले. कारण कोणी गाठोडे सोडू लागले की तिची दृष्टी वस्तूवर न राहता किमतीवर धावू लागली होती. त्या रात्री तिने अडगळीतून काटा काढला. प्रेमपत्र असो वा न्यायालयाचे बोलावणे, काट्याने आयुष्यात कधी भेद केला नव्हता. तेव्हापासून किलोला पाच ली, आगाऊ, आणि वस्तू कितीलाही जावो, वर एक कवडी नाही. गाव हसले, आणि हसत हसत येत राहिले.

रफिला गेली आणि फाटकाशी गाढवाचे खूर वाजले. पुढे गाढव आणि मागे त्याच्या खोगिरावर हात ठेवून इलारिए, असे ते दोघे आले. इलारिए म्हणजे रुंकुचा सर्वांत जुना मेंढपाळ. उंबऱ्यात उभे राहून त्याने मेंढीच्या कातड्याची टोपी काढली.

"देव भलं करो, वेतुरिया." मग खुर्चीकडे वळून, किंचित झुकून, "तुमचंही, रफिलाबाई."

वेतुरियाला हसू फुटणार होते. म्हातारा थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध होता. परंतु तो मान कलती करून, उत्तराची वाट पाहत उभाच राहिला. तिचे हसू ओठांवरच थिजले.

"तिचा घसा बसलाय, दादा," ती म्हणाली. "बोलवत नाही."

"रफिला आणि बोलत नाही? मग यंदा जुलैत बर्फ पडणार."

त्याने खांद्यावरची पडशी सांभाळून खाली ठेवली. आत धातू किणकिणला. बाकावर टेकून तो गवताविषयी बोलला, लांडग्यांविषयी बोलला, गेल्या उन्हाळ्यातल्या चीजविषयी बोलला; पण कामाचे काही बोलेना. अधूनमधून खुर्चीच्या दिशेने चेहरा वळवी आणि थांबे. रफिलाचे कान गेल्याशिवाय त्याचे तोंड उघडणार नाही, हे वेतुरियाने ओळखले.

ती उठली. कोट खांद्यांत धरून तिने अलगद उचलला.

"चल गं रफिला, घरी दूध उतू गेलं असेल."

दारापर्यंतचे चार पावलांचे अंतर ती कोटाला घेऊन चालली, आणि वाटेत मुद्दाम चपला घाशीत गेली, म्हणजे दोघींची पावले ऐकू यावीत. "जपून, पायरी निसरडी आहे हं," असे म्हणून तिने बाहेर जाऊन कोट फाटकाच्या खुंटाला अडकवला, परत आली आणि दार लावून घेतले.

"गेली?"

"गेली, दादा. आता बोला."

इलारिएने पडशी सोडली. एकामागून एक घंटा बाहेर निघाल्या. काशाच्या, लोखंडी, काही मुठीएवढ्या, काही नारळाएवढ्या. त्याच्या आजोबांनी डोंगर उतरून, जत्रा हिंडून, सुरात सूर मिळवून जमवलेला हा संच. प्रत्येक घंटा तो कानाजवळ हलवी आणि मग मेजावर ठेवी.

"ही म्होरक्या मेंढ्याची. ही म्हाताऱ्या शेळीची, जरा बेसूर आहे, पण धुक्यात हीच लांब जाते. ही कोकरांच्या आईची."

एकाही घंटेकडे त्याने पाहिले नाही.

"विकताय कशाला?"

"गुडघा." तो झटकन म्हणाला. "सिबिउचे डॉक्टर म्हणतात, हिवाळ्याआधी कापलं तर वाचेल. सरकारी दवाखान्यात नंबर पुढच्या वर्षी. तोवर काही राहायचं नाही म्हणतात."

"गुडघा वाचेल ना नक्की?"

"एक तरी वाचेल."

वेतुरियाने घंटा परातीत ठेवून काट्यावर चढवल्या आणि परातीचे वजन वजा केले. अठ्ठावीस किलो. तिने आकडा सांगितला तेव्हा तिचाच आवाज तिला कठोर वाटला. "एकशे चाळीस ली, दादा."

त्याने छातीवरच्या खिशातून नोटा काढल्या, अंगठ्याने चाचपल्या आणि मेजावर ठेवल्या. "ही शंभराची, आणि या दोन दहाच्या. वरचे वीस विकल्यावर घे."

तिन्ही नोटा दहाच्या होत्या.

आगाऊ शुल्काचा नियम तिचाच होता. आज एकाला सवलत दिली, तर उद्या फाटकाशी रांग लागणार आणि प्रत्येकाचे दुःख तोलत बसावे लागणार. ते तोलण्याजोगा काटा तिच्यापाशी नव्हता. गुपचूप पदरचे घालणे सोपे होते. पण ज्या माणसाने जन्मात कोणाचे लोटीभर दूध फुकट घेतले नाही, त्याच्या पाठीमागे त्याला भीक घालायची?

तिचे मौन इलारिएने आपल्या परीने वाचले. "नाही जमत ना? असू दे. नियम तो नियम." आणि तो घंटा पडशीत भरू लागला. "व्हॅनमधून भंगार घेणारा परवा येतोय. तोही तोलूनच घेतो म्हणे. काशाच्या भावानं."

"त्यानं तुमचा अर्धा गुडघासुद्धा होणार नाही."

"अर्धा तर अर्धा."

"थांबा, दादा." वेतुरियाने पडशीच्या तोंडावर हात ठेवला. "टपालात एक दर होता, त्याला काटा लावायचाच नाही. साऱ्या जगात तोच नियम. अंधांसाठीची ठिपके उमटवलेली पुस्तकं यायची, धोंड्यासारखी जड. तिकीट नाही. उपकार म्हणून नव्हे हं, नियमच तसा."

इलारिएचा पडशीकडे जाणारा हात थांबला.

"मी गुडघ्याचं बोलत होतो," इलारिए म्हणाला.

"आणि मी टपालाचं."

त्याने हातातली घंटा मांडीवर उपडी ठेवली. "वेतुरिया, मघाशी त्या खुर्चीत रफिला नव्हती ना?"

"नव्हती. तिचा कोट होता. वर रुमाल."

"मग तू दारापर्यंत पोचवलंस ते कोणाला?"

"कोटाला. पायरीवरून सांभाळून उतरवला."

क्षणभर त्याच्या मिशा थरथरल्या; आणि मग तो असा हसला की फाटकातले गाढव दचकून ओरडले. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावरही बाही तिथेच धरून ठेवली.

"एक तर केव्हाच विझलाय," तो म्हणाला. "काचबिंदू. दुसऱ्यावर पडदा आलाय, तो निघेल म्हणतात. पोरीला कळलं तर ती नेईल परदेशी, तोरिनोला, चौथ्या मजल्यावर. तिथं मी काय राखू, कबुतरं? आणि इथं कळलं तर... ज्याला मेंढी दिसत नाही, त्याला मेंढपाळ कोण म्हणेल गं?"

"तुमच्या मेंढ्या म्हणतील."

"त्या म्हणतातच. त्यांना काय, आवाज पुरतो." त्याने बाही खाली घेतली. "तो अंधांचा दर तुझ्या पुठ्ठ्यावर लिहिलाय?"

"नाही. आजवर वेळ आली नव्हती."

"मग तो नियम कसा? ती तुझी दया झाली. मला नको."

"लिहिला तर गाव विचारील, कोणासाठी."

इलारिएने मेजावरच्या नोटा शोधल्या, घडी करून खिशात ठेवल्या आणि पाठ ताठ केली.

"लिही," तो म्हणाला. "ठळक अक्षरांत लिही. मला कुठं वाचायचंय!"

शाई वाळते न वाळते तोच रफिला आली. एका हातात पैसे, दुसऱ्या हातात कोट.

"माझा कोट फाटकाला? मी काय भिकारीण आहे, की शेतातलं बुजगावणं? आणि हे काय नवीन खरडलंस?" तिने वाचले, "अंधांच्या वस्तूंना शुल्क नाही." मग मोठ्याने, "आता गावात आंधळं कोण..."

तिची दृष्टी मेजावरच्या घंटांवर गेली. बाकावर बसलेल्या इलारिएकडे गेली. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, जणू तिथे खिडकी असावी. रफिलाने कोट अंगात घातला, साडेसतरा ली मेजावर मोजून ठेवले, आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. रुंकुमध्ये बातमी पसरायला नेटची गरज कधीच नव्हती.

वेतुरियाने त्या घंटांचे वर्णन तीन दिवस लिहिले. कोणती घंटा धुक्यात लांब जाते, हेही तिने लिहिले. पंधरवड्याच्या आत परदेशातल्या ग्राझ शहरच्या एका संग्राहकाने अखंड संच घेतला, आणि डोळ्याला लागणारे द्रव्य बँकेत जमा झाले.

बांधणीच्या दिवशी इलारिएने कच्ची लोकर आणली. वाटेत लोलक आपटून कड फुटू नये म्हणून प्रत्येक घंटेचा लोलक त्याने स्वतः बांधला. बोटांनी कड चाचपी, घंटा एकदा हलवी, ऐके, आणि मग लोकर आत सारून सुतळी आवळी. एकेक करीत त्या मुक्या झाल्या. वेतुरिया पेट्या भरत राहिली. तिने मधे एकदाही घाई केली नाही.

कुरिअरची गाडी चौकात येई. वेतुरियाने हातगाडी ओढली, आणि इलारिए मागून ढकलण्यासाठी तिच्या कडेला हात लावून चालला. सायंकाळची वेळ; प्रत्येक फाटकाशी बाकावर माणसे बसली होती. एरवी या रस्त्याने नुसते 'देव भलं करो' एवढेच ऐकू येई.

"देव भलं करो, इलारिएदादा. मी सावु."

"देव भलं करो, सावु."

"मी अनिका, दादा. आणि मांडीवर धाकटी आहे."

"वाढते आहे ना?"

"मी रफिला."

"घसा सुटला का?" त्याने विचारले. रफिलाला काही कळले नाही, पण ती "हो, सुटला" म्हणाली.

शेवटच्या फाटकाशी नातालिए बसला होता. कुरणाच्या हद्दीवरून त्या दोघांत वीस वर्षांचे वैर होते. एकमेकांना पाहिले की दोघेही थुंकत. वेतुरियाने पावले भराभर उचलली. गाडी फाटक ओलांडून पुढे गेली. मग मागून खाकरल्याचा आवाज आला.

"नातालिए," एवढेच तो म्हणाला.

इलारिए थांबला. आवाज आला त्या दिशेला वळून त्याने टोपी काढली, छातीशी धरली, आणि पुन्हा घातली. मग त्याने गाडीच्या कडेवर हात ठेवला. खडबडीत फरसबंदीवरून गाडी हिंदकळत चौकाकडे निघाली, आणि तिच्यातून कसलाही आवाज आला नाही.