यरीहोचा तट आणि हिंदुरावांचा बॅन्ड

फ्लेक्स आले आणि माझा ब्रश वाळला. डीजे आले आणि हिंदुरावांचा बॅन्ड बसला. मशिनींनी आम्हा दोघांच्याही पोटावर पाय दिला, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. म्हणून हिंदुरावांनी बॅन्डची गाडी रंगवायला दिली तेव्हा मी मोर, कमळ असलं काही काढलंच नाही. गाडीच्या अख्ख्या बाजूवर यरीहो काढलं. बायबलातलं जुनं शहर. रणशिंगं फुंकली आणि त्याचा तट कोसळला, ती गोष्ट. बुरूज ढासळतायत, धूळ आभाळाला भिडलीय, माणसं उंटांसकट पळतायत. आणि फुंकणाऱ्यांच्या अंगात आमच्या बॅन्डचे लाल कोट. कित्येक वर्षांत असं काही माझ्या हातून उतरलं नव्हतं.

पहिलीच सुपारी अंथुर्णे गावच्या लग्नाची. रंगाचे डबे घेऊन मीही गाडीसोबत गेलो. नवरीचे आजोबा गेणबाआबा मांडवाच्या दारात गाडी बघून जागच्या जागी थांबले.

"हिंदुराव, लगीन हाय का मयत? दारात पडकं गाव आणलंय! पांढरा रंग मारा, न्हायतर माघारी जावा."

हिंदुरावांनी लगेच हात जोडले. "मारतो, आबा. बुद्धघोष, डबा काढ."

"न्हाय काढत," मी म्हणालो. "लाल कोट घालून मिरवायचं आणि कुणी डोळे वटारले की वाकायचं? चित्र पुसायचं तर आधी मला पुसा."

आरडाओरडा ऐकून नवरीची आजी शकुबाई हळदीच्या हातानंच बाहेर आली. "काय पडतंय रं ह्ये?"

मी सांगितलं. तोफ नाही, सुरुंग नाही. नुसतं वाजवलं आणि तट आडवा.

"पटतंय," ती म्हणाली. "शेजारच्या वरातीत डीजेनं आपल्या गोठ्याचं पत्रं सैल केलं व्हतं."

आबा आणखीच भडकले. "मंजी ह्यो बॅन्ड डीजेच्याबी वरचा! माझं घर नवं हाय!"

मांडव हसायला लागला. मला कसलं हसू? हिंदुरावांनी स्वतःच डब्याचं झाकण उचकटलं होतं.

"अवं, नवऱ्याकडचं बारामतीचा डीजे आणणार न्हवं?" शकुबाई म्हणाली. "नवऱ्याचा मामा कालपासनं फोनवर मिरवतोय, तुमच्याकडं काय हाय म्हणून. त्यांच्यानं पत्रं हालत्यात. आपल्या बॅन्डानं गावाचा तट पडतो. दावा की त्येला!"

आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. हात हळूच मिशीवर गेला.

"हिंदुराव, झाकण लावा. गाडी येशीवर उभी करा. चित्राचं तोंड बारामतीच्या रस्त्याला."

गाडी निघाली, तर आबा धोतर सावरत मागं पळत आले.

"ए पेंटर! तट लईच ठेंगणा हाय. एवढासा पाडण्यात कसला मोठेपणा? उंच कर की."

"वऱ्हाड आता येईल, आबा."

"मग तोंड काय बघतोस? शिडी देतो."

गिऱ्हाईक चित्रात बोट घालतंय आणि मला राग येत नाही, असं जन्मात पहिल्यांदा घडलं. शिडीवर चढलो आणि यरीहोच्या बुरजांवर आणखी बुरूज रचायला लागलो. खालून आबा ओरडत होते, "अजून! अजून वर!"