सुपलीतली अक्षरं

"नलू, पोरीच्या बोटावर मारू नोको. अन् दुसऱ्या कोनाले मारूही देऊ नोको. तिची सारी समज बोटात आहे."

कांताबाईनं सुनेला हे सांगितलं तेव्हा मी समोरच्या खुंटीला टांगलेली होते. नलूनं मान वर केली नाही. फूटपट्टीनं पुस्तकातली ओळ दाखवत ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही पाटी तरी धरली होती का कधी?"

कांताबाई आपल्या कामाला लागली. मी तेव्हा बोलले नाही. आज मात्र बोलते.

मित्रांनो, मी यवतमाळातली एक जुनी सुपली आहे. झरीकडच्या जंगलात भुरीबाई नावाच्या कोलाम आदिवासी बाईनं मला बांबूच्या पातळ कामट्यांनी विणलं. कांताबाईनं मला बाजारातून आणलं आणि वर्षानुवर्षं माझ्यात ज्वारी पाखडली. "हिच्यासारखी हलकी सुपली साऱ्या वस्तीत नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मग छप्पन्न साल आलं. सारं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं. नलू तेव्हा नवी सून होती, कॉलेजात दोन वर्षं शिकलेली. परतल्यावर तिनं मला उचलून खुंटीला अडकवलं आणि नवऱ्याला, भीमराजला म्हणाली, "आपल्या मुलीच्या हाती पुस्तक येईल. सुपली नाही." जिच्या आज्यांचा जन्म दुसऱ्यांचं धान्य पाखडण्यात गेला, तिनं हे म्हणावं यात गैर काय होतं? मला वाईट वाटलं, राग आला नाही.

पुढच्या वर्षी सुजाता जन्मली. डोळे मिटून तुरीच्या डाळीतला खडा काढणारी, चिंधीची बाहुली एका दुपारीत शिवणारी पोर. पण दुसरीत गेली तरी तिला अक्षरं धरता येईनात. आज ओळखलेलं अक्षर उद्या परकं व्हायचं. वाचता वाचता ओळच हरवायची. मास्तरांनी निरोप धाडला, "तपासणीला साहेब येणार आहेत. वाचता आलं नाही तर पुन्हा पहिलीत."

नलूनं त्याच संध्याकाळी पोरीपुढे पुस्तक उघडलं. घरात पहिल्यांदाच आलेलं वाचन आपल्याच पोरीपाशी थांबणार की काय? ती रोज शिकवायला बसायची आणि रोज चिडायची. फूटपट्टी सुजाताच्या बोटावर पडायची, कारण ती शब्दाखाली बोट धरायची. "बोट काढ! डोळ्यांनी वाच!"

एके दिवशी सुजातानं पुस्तक टराटरा फाडलं. नलू नुसती बघत राहिली. कांताबाईनं मात्र तुकडे गोळा केले, पाण्यात भिजवले, त्यात मेथ्या वाटून घातल्या आणि तो लगदा माझ्या अंगावर लिंपला. जुन्या सुपलीच्या फटी अशाच बुजवतात. "पुस्तक वाया गेलं नाही नं आता," ती नातीला म्हणाली आणि मी वाळल्यावर तिनं मूठभर ज्वारी माझ्यात पसरली. "काढ तुले काय काढाचं ते."

सुजातानं बोटानं 'सु' काढला. मोडला. पुन्हा काढला. चूक झाली की सुपली हलवायची, चूक नाहीशी. फूटपट्टी नाही, खाडाखोड नाही.

नलू दारातून पाहत होती. मग येऊन खाली बसली.

मित्रांनो, ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड. मायलेकी माझ्यावर ओणवून बसायच्या. बोटानं अक्षर काढायचं, तोंडानं म्हणायचं, मग पुस्तकात तेच शोधायचं. नवं पुस्तक भीमराजनं आणलं होतं. "आई, आज मी 'घर' पाखडलं!" सुजाता ओरडायची. "मंग कचरा किती निंगाला?" कांताबाई विचारायची आणि तिघी हसायच्या. हळूहळू पोर बोट धरून दोन-दोन ओळी वाचू लागली. स्वतःहून पुस्तक मागू लागली.

तपासणीच्या आदल्या दिवशी कांताबाई म्हणाली, "नलू, मास्तरले सांगून ये. पोरगी बोट लावून वाचते म्हना, तिले वाचू द्या."

नलूनं पदर सारखा केला, चपला घातल्या आणि पुन्हा काढल्या. काय सांगायचं? कॉलेज शिकलेली बाई मुलीला सुपलीत शिकवते? शाळेत कोण काय म्हणेल? "उद्या सकाळी जाईन," ती म्हणाली.

सकाळी ती गेली नाही.

दुपारी सुजाता घरी आली. बोट सुजलेलं. शेजारच्या पोरींनी सगळं सांगितलं. ती बोट लावून वाचत होती, नीट वाचत होती. साहेबांसमोर मास्तरांनी त्या बोटावर छडी मारली. ती म्हणाली, "मी सुपलीत शिकले." वर्ग हसला. मास्तरही हसले, "उद्या सुपली घेऊन ये, शाळा पाखडू."

नलूनं बोटाला हळद लावायला हात पुढे केला. सुजातानं बोट मागे घेतलं.

"तू आली काहून नाही?"



त्यानंतर सुजातानं पुस्तकाला हात लावला नाही. शाळेचं नाव काढलं की तिला ताप चढायचा. शेवटी कांताबाई तिला कळंबजवळच्या आपल्या गावी घेऊन गेली. निघताना म्हणाली, "सुपली घे बाई." सुजाता म्हणाली, "नाही."

त्याला आता तीन वर्षं झाली. माझा लेप उंदरांनी कुरतडला आहे आणि त्यातून त्या फाटलेल्या पुस्तकाची काही अक्षरं दिसतात. नलू कधीकधी माझ्यात ज्वारी पसरून बसते. काही काढत नाही. भेटायला गेली की सुजाता पाणी देते, जेवायला वाढते, पण तिच्याजवळ बसत नाही. म्हणून नलू त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती करते. तीच मी तुम्हाला करते.

मित्रांनो, कळंबकडे गेलात तर कांताबाईचं घर विचारा. अंगणात दहा वर्षांची एक मुलगी धान्य निवडत असेल. तिला काही वाचायला सांगू नका. जवळ बसा, आणि तिचं लक्ष नसताना एवढंच पाहून या: तिचं बोट दाण्यांत अजून काही काढतं का?