पट्ट्यावरची पंगत

"अण्णा, हात मांडीवर ठेवा," मंजुश्री हळूच म्हणाली.

गुंडप्पानं हात मांडीवर घेतले. समोरून गाजराच्या वड्यांची एक बशी सरकत गेली, तिच्यामागून काकडीची, तिच्यामागून पनीरची. टेबलाच्या कडेनं एक काळा पट्टा फिरत होता, पिठाच्या गिरणीचा फिरतो तसा, फक्त आवाज न करता. त्याच्यावर बसून हे जपानी खाणं साऱ्या हॉटेलला चक्कर मारत होतं. ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं आणि पोट भरेपर्यंत उचलत राहावं, अशी तिथली रीत होती.

"हे बघा, इथं कुणी कुणाला वाढत नाही," मंजुश्रीनं पुन्हा बजावलं. "तुम्ही नुसतं बसायचं. बोलायचं, खायचं. उठायचं नाही."

"न्हाई उठत, बाई. किती येळा सांगशील?"

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ कशाला घेऊ? म्हणलं ना, न्हाई उठत."

पाहुणे हात धुवायला गेले होते, तेवढ्यात ही तालीम उरकली.

आमच्या लातुरात काय उघडेल याचा आता नेम राहिलेला नाही. क्लासची पोरं निकाल लागला की पार्टी मागतात, म्हणून औसा रोडला कुणीतरी चक्क जपानी हॉटेल काढलं. पाटीवर 'सुशी' हा शब्द बारीक आणि 'शुद्ध शाकाहारी' हे त्याच्या दुप्पट मोठं. मासा नसलेली सुशी बघून जपानी माणसानं कपाळावर हात मारला असता, पण जपानी माणूस लातूरला कशाला येतोय? भाताची सुरळी, तिच्यात काकडी नाहीतर पनीर, वरून काळा पापुद्रा, आणि हवं तेवढं खा. पोरांच्या उड्या पडत होत्या.

मंजुश्रीनं हे हॉटेल निवडलं ते मात्र चवीसाठी नव्हे. निवडलं ते पट्ट्यासाठी. तिचे वडील वाढपी होते, आणि वाढायला काही दिसलं की त्यांना बसवत नसे. दोन वर्षांपूर्वी निलंग्याचं स्थळ बघायला आलं, तेव्हा गुंडप्पा पोह्यांच्या चार बशा एका हातावर मांडून बाहेर आला, कुणाची बशी निम्मी होते न होते तोच भरत गेला, आणि मुलाच्या मामानं अगदी कौतुकानं विचारलं, "आचाऱ्याकडून माणूस बोलावला का?" मुलीचे वडील आहेत म्हटल्यावर मामाचा घास तोंडातच राहिला. मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही असा त्यांचा निरोप आला आणि पुढच्या महिन्यात त्याच मुलाच्या लग्नाची पत्रिका गावभर फिरली. तेव्हापासून गुंडप्पा आपल्या हातांना जरा भीतच असे.

आता मंजुश्रीनं तिशी गाठली होती. ती क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची आणि मल्लिकार्जुन फिजिक्स. पोरांना तासावर तास शिकवून दोघांचे घसे बसलेले, तरी स्टाफरूममध्ये एकमेकांशी बोलायला मात्र त्यांना आवाज राहायचा. आज त्याचे आईवडील उदगीरहून आले होते. मुलीचे वडील मेसमध्ये असतात एवढंच त्यांना सांगितलं होतं. ऐकणाऱ्यानं मेसचे मालक समजावं अशीच त्या वाक्याची ठेवण होती, आणि मंजुश्रीनं ती मुद्दाम तशी ठेवली होती. हे लग्न मोडलं तर पोरगी दुसरं बघणार नाही हे गुंडप्पाला पक्कं ठाऊक होतं.

पाहुणे येऊन बसले. रेवणप्पा म्हणजे आडतीतलं वजनदार माणूस. मिशा पांढऱ्या, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि बोलणं मोजकं. शेजारी रुद्राणीबाई, नवऱ्याच्या दुप्पट हसऱ्या. मल्लिकार्जुननं पट्ट्यावरच्या बशा पटापट उचलून प्रत्येकापुढं एकेक ठेवली.

"ह्ये काळं काय हाय?" रेवणप्पांनी बोटानं टोचून विचारलं.

"समुद्रातला पाला आहे, अप्पा. वाळवलेला."

"पाला," रेवणप्पा म्हणाले. त्यांनी एक वडी तोंडात टाकली, बराच वेळ चावली, आणि बशी पुढं सारून म्हणाले, "साकु, साकु."

साकु म्हणजे कानडीत पुरे. उदगीरच्या घरांत ते मराठीतही चालतं. पण पहिल्या घासाला म्हटलेलं साकु खरं धरायचं नसतं. पाहुण्यानं साकु म्हणायचं, यजमानानं ते ऐकूनच न घेता वाढायचं, पाहुण्यानं पुन्हा म्हणायचं, यजमानानं पुन्हा वाढायचं, अशी चांगली चढाओढ झाल्यावर जेवण कुठं सुरू होतं. आपल्या हातानं उचलून घेणं म्हणजे भुकेचा हावरेपणा, तोही सोयरिकीच्या बैठकीत. रेवणप्पा मरते पण हात पुढं करते ना. रुद्राणीबाईंनी नवऱ्याला वाढावं, तर दुसऱ्याच्या मेजवानीत आपल्याच माणसाला आग्रह कसा करायचा? मुलानं एकदा "अप्पा, घ्या की" म्हटलं, पण घरच्या पोराचा आग्रह आग्रहात धरत नाहीत.

वेटर येऊन म्हणाला, "सर, घ्या ना. अनलिमिटेड आहे."

"साकु," रेवणप्पा म्हणाले, आणि वेटरनं ते बिचाऱ्यानं खरं मानलं.

पट्टा फिरत होता. मंजुश्री आणि मल्लिकार्जुन कुठल्याशा सराव पेपरातल्या चुकलेल्या प्रश्नावरून खुसुखुसू हसत होते. तिचा चेहरा असा मोकळा झालेला गुंडप्पानं फार दिवसांत बघितला नव्हता. आणि इकडं रेवणप्पांनी पाण्याचा तिसरा ग्लास संपवला.

गुंडप्पा ते ग्लास मोजत होता. आज सोमवार. हा माणूस सकाळपासून निरंकार उपाशी आहे, लातूरच्या नातेवाइकांकडं लिंगपूजा उरकून थेट इथं आलाय, आता सोमवार सोडायचा, आणि याच्यापुढून ताटंच्या ताटं चाललीत. पाण्यानं पोट भरणारा माणूस त्यानं पूर्वी बघितला होता. एकेकाळी तो स्वतःच तसा होता.

किल्लारीच्या बाजूचं त्याचं गाव भूकंपात बसलं. बायको गेली, कुशीतली मंजू तेवढी हाती लागली. पत्र्याच्या शेडमध्ये अन्न वाटायचे तेव्हा लोक ताटं घेऊन ओळीत उभे राहायचे. गुंडप्पाच्या खळ्यावरून कधी कुणी जेवल्यावाचून गेलं नव्हतं, आणि आता त्यालाच ताट पुढं करायचं होतं. ते त्याला जमेना. दोन दिवस त्यानं पाण्यावर काढले. मग वाढणाऱ्या एका पोराच्या हातातली पळी त्यानं मागून घेतली. ताट धरवत नव्हतं, पळी धरवली. ती त्यानं पुढं खाली ठेवलीच नाही म्हणा.

लातुरात क्लासचं पीक आलं तेव्हा तो मंजूला घेऊन शेषेरावांच्या मेसमध्ये लागला. चाकूर, देवणी, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून पोरं यायची. पहिल्यांदा घर सोडलेली, ताटाकडं बघून डोळे पुसणारी. दुसरी चपाती मागायला लाजायची. गुंडप्पा त्यांना मागूच देत नसे. मागायला लावलं तर ते वाढणं कसलं, असं त्याचं मत होतं. त्यातली कितीतरी पोरं डॉक्टर झाली. कधी रस्त्यात भेटली की गाडी थांबवून "गुंडप्पामामा" म्हणून हाक मारतात, आणि याला एकाचंही नाव आठवत नाही; कोण भाताला जास्त होता ते मात्र आठवतं.

रेवणप्पांनी चौथा ग्लास भरायला घेतला.

गुंडप्पानं मुलीकडं बघितलं. हात मांडीवर घट्ट दाबून धरले. बसून राहिलं तर लग्न ठरेल. नुसतं बसायचंय, दगडालाही जमतं ते. पण आपल्या पोरीच्या सोयरिकीला आलेला माणूस आपल्यासमोर उपाशी उठणार, आणि आपण बघत राहणार?

"मंजे," तो उठत म्हणाला, "रागावू नको."

मंजुश्रीचं हसू जागच्या जागी विझलं. "अण्णा, बसा ना," ती म्हणाली, पण तोवर गुंडप्पानं पट्ट्यावरच्या चार बशा डाव्या हातावर घेतल्यासुद्धा होत्या. तो टेबलाला वळसा घालून गेला, आधी रुद्राणीबाईंच्या आणि मग रेवणप्पांच्या बशीत वड्या उतरवल्या.

"साकु, साकु, पावणं," रेवणप्पांनी दोन्ही हात आडवे केले.

"साकु कसं? सोमवार हाय तुमचा. असं उपाशी उठू देतो होय मी?"

"न्हाई हो, पोट भरलं."

"पाण्यानं भरलं. पाण्याला कोण जेवण म्हणतंय? ह्ये पनीरचं घ्या. लई मऊ हाय."

रेवणप्पांनी हात बाजूला घेतले. आणि मग ते जेवायला लागले. काय जेवले! वडी गेली, वडीमागून वडी गेली, पाल्याबद्दलची शंका तर कधीच गिळून झाली. मधूनमधून साकु चालूच होतं, आणि प्रत्येक साकुला गुंडप्पा नवीन बशी उतरवत होता. रुद्राणीबाईंनाही धीर आला. ते गोल तळलेलं काय असतं ते आणखी दोन घाला म्हणाल्या. मघाचा वेटर घाईनं आला.

"काका, तुम्ही बसा ना. इथं सगळं आपोआप येतं."

"येतंय की," गुंडप्पा म्हणाला. "पण कुणापाशी थांबत न्हाई."

वेटर माघारी फिरला. त्यानं एक मोठा ट्रे आणून गुंडप्पाच्या हाताशी ठेवला आणि तो गेला. मल्लिकार्जुन हसू दाबत होता. मंजुश्री मात्र मान खाली घालून बसली होती. निलंग्याच्या मामाचा तो घास तिच्या डोळ्यांसमोरून हलत नसावा.

शेवटी रेवणप्पांनी ढेकर दिली, रुमालानं मिशा पुसल्या, आणि बशा रचणाऱ्या गुंडप्पाच्या हातांकडं बघत राहिले.

"पावणं, हात लई बसलेला हाय तुमचा. मेस तुमचीच न्हाई का?"

आता सगळे थांबले. मंजुश्रीनं वर बघितलं. 'हो' म्हणायला काही लागत नव्हतं. पुढचं पुढं निभावलं असतं. गुंडप्पानं हातातली बशी खाली ठेवली.

"न्हाई, सावकार. मेस शेषेरावांची. मी तिथं वाढतो. भूकंपात गाव गेलं, तवापासून ह्येच करायलोय. पोरीला ह्याच हातानं वाढवलं." त्यानं मंजुश्रीकडं बघितलं. "पोरगी लई गुणाची हाय. माझ्यापायी तिला काही म्हणू नका."

मंजुश्री एकदम म्हणाली, "मीच सांगितलं नव्हतं नीट. अण्णा कधीच लपवत नाहीत." तिची मान आता ताठ होती. "त्यांचं वाढणं ज्यांना कमी वाटतं, त्यांच्याकडं मला जायचंच नाही."

मल्लिकार्जुन बापाकडं बघत होता. रुद्राणीबाईही नवऱ्याकडं बघत होत्या. रेवणप्पा कुणाकडंच बघत नव्हते. त्यांची नजर टेबलाच्या गुंडप्पाच्या बाजूला लागली होती. तिथं सुरुवातीला मुलानं ठेवलेली बशी तशीच होती. तिच्यातल्या एकाही वडीला हात लागलेला नव्हता.

"तुम्ही कवा जेवता?" त्यांनी विचारलं.

"समद्यांचं झाल्यावर. आतमंदी. ऱ्हातं की काहीतरी पातेल्यात."

"आन् वाढतं कोण?"

गुंडप्पाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. वाढणारी गेली त्याला मंजूच्या वयाइतकी वर्षं झाली होती. पोरीनं वाढू म्हटलं तर हाच तिला अभ्यासाला पिटाळायचा. तो उगाच बशा सारख्या करायला लागला.

"ठेवा त्या बशा," रेवणप्पा म्हणाले. "बसा."

ते उठले. वजनदार माणूस, टेबल आणि खुर्चीच्या मधून निघताना धोतराचा सोगा अडकला, तो मुलानं सोडवला. त्यांनी गुंडप्पाला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि पट्ट्यावरची बशी उचलायला गेले. जन्मात कधी कुणाला वाढलेलं नसावं. पहिली बशी हातातून निसटून पुढं गेली आणि तिच्यामागं त्यांना दोन पावलं चालावं लागलं. रुद्राणीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. दुसरी बशी मात्र त्यांनी नीट धरली. वड्या गुंडप्पाच्या बशीत आल्या, त्यातली एक टेबलावर पडली.

"पोरी," रुद्राणीबाई मंजुश्रीला म्हणाल्या, "सोमवारी ह्येंना असं जेवताना मी पहिल्यांदा बघायलेय. पुढच्या आठवड्यात तू आन् अण्णा, दोघंबी उदगीरला या. घर बघून घ्या."

मंजुश्रीनं मान हलवली.

गुंडप्पानं वडी तोंडात घातली. भात आंबूस होता, पाला खारट होता. त्याला फार आवडली असं नाही, पण तो चावत राहिला. बशी रिकामी होण्याआधीच रेवणप्पांनी दुसरी उतरवली, मग तिसरी. आता त्यांना त्यात गोडी वाटायला लागली होती. गाजराच्या ढिगावर पनीरचा ढीग झाला. गुंडप्पा खाली मान घालून खात होता, आणि नाकाचा शेंडा अधूनमधून बाहीनं पुसत होता.

मंजुश्री त्याच्याकडं झुकली. "अण्णा, पोट बिघडेल. साकु म्हणा की त्यांना."

"म्हणतो," गुंडप्पा म्हणाला. रेवणप्पा पुन्हा पट्ट्याकडं वळले होते, त्यांच्या पाठीकडं बघत त्यानं आवाज आणखी खाली आणला. "जरा थांब. म्हणतो."