माप न घेता केलेली पेटी

बाबांची शवपेटी सकाळी अकराला घरी आली आणि पाहताक्षणीच कळलं, की ती फार मोठी झाली आहे.

सुतारकाकांनी ती माप न घेताच केली होती. आदल्या दिवशी मी फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “माप नको. त्याचं माप मला पाठ आहे.” आमच्या मंडळीतल्या सगळ्यांच्या पेट्या तेच करत, आणि बाबांच्या शेजारी उभं राहून त्यांनी तीस वर्षं चर्चमध्ये गाणी गायली होती. पण त्यांना पाठ होते ते रुंद खांद्यांचे बाबा. आतल्या खोलीत पलंगावर होते ते आठ महिन्यांच्या दुखण्याने निम्मे झालेले.

“अरे, ही पेटी केलीस की कपाट?” आत्या म्हणाली. “खांद्यावर घेतली की माझा भाऊ काडेपेटीतल्या शेवटच्या काडीसारखा वाजेल आत!”

बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं होती. कुणीतरी हसू दाबलं. काका टोपी हातात धरून उभे होते, कानापर्यंत लाल झालेले.

माझं वाक्य तयार होतं. ‘एकदा जरी भेटायला आला असतात, तर माप चुकलं नसतं.’ दोन गल्ल्या सोडून राहत होते, पण आठ महिन्यांत फिरकले नव्हते. वाक्य खरं होतं, नेमकं होतं, आणि नेमकी वाक्यं मला आवडतात. बाबांना त्याचीच काळजी वाटायची. “तुझं बरोबर असतं गं,” ते म्हणायचे, “पण समोरच्याला उठून उभं राहायला जागा ठेवत जा.” मी ते बोलले असते, तर काका पेटी तिथेच टाकून निघून गेले असते आणि पुन्हा आमच्या दारात आले नसते. दुसऱ्या कुणाच्या पेटीला त्यांनी हात लावला असता की नाही, तेही सांगता येत नाही.

प्रभू, तोंड आवर माझं, असं मनात म्हटलं. आणि मोठ्याने, “काका, जरा स्वयंपाकघरात येता?”

मी दार लोटलं, पाणी दिलं. ते पेला नुसता धरून राहिले.

“बाराला निघायचंय. काही करता येईल?”

“आतून दोन्ही बाजूंना फळ्या मारतो. पायाशी एक. अर्धा तास दे.” मग खाली बघत म्हणाले, “बोल ना. मनात आहे ते बोलून टाक मला.”

“बोलायचं नाही, विचारायचंय. का आला नाहीत?”

“फाटकापर्यंत येऊन गेलो. दोनदा. काय बोलायचं तेच सुचेना. बरा होशील म्हणावं, तर खोटं. खरं बोलावं, तर ते तोंडातून निघेना. म्हटलं, सुचलं की जाऊ. तेवढ्यात तुझा फोन.”

आठ महिने मी राग जपून ठेवला होता, आणि समोर नुसता एक घाबरलेला माणूस होता. ‘बाबांना काही वाटलं नाही’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते खोटं होतं.

“वाट बघायचे ते,” मी म्हटलं. “वाईट वाटायचं त्यांना. पण राग नव्हता, काका. रोजच्या प्रार्थनेत तुमचं नाव असायचं. तुमच्या गुडघ्यांसकट.”

“गुडघ्यांसकट?”

“डावा जास्त दुखतो, हे देवाला वेगळं सांगायचे.”

काका हसले, आणि हसता हसताच रडायला लागले. मीही. कित्येक महिन्यांनी मला पोटभर श्वास घेता आला.

“मी... एकदा माप घेऊ त्याचं?” त्यांनी विचारलं.

टेपचं एक टोक मी बाबांच्या पायांशी धरलं. दुसरं घेऊन काका डोक्याशी वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. “एवढासा झालास रे,” ते म्हणाले. पुढचं माझ्यासाठी नव्हतं. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

निघायला पाऊण तास उशीर झाला. चर्चच्या पायऱ्यांवर पाळकांनी काळजीने विचारलं, “काही अडचण आली का?”

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, “अडचण कसली? माप घ्यायला वेळ लागला. जुने दोस्त ते. बोलत बसले होते.”