वाघजाईचा बोकड

ठकूबाईने बांगड्या कोपराकडे सारल्या, त्या खाली घसरू नयेत म्हणून वर चिंधी बांधली आणि वाटीतलं खोबरेल बोटांपासून मनगटापर्यंत चोळलं. गोठ्यात पेंढ्यावर चांदी आडवी पडली होती. पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता. कळ आली की पिलाचं तोंड दिसायचं आणि कळ ओसरली की परत आत जायचं.

"धरा तिला मानेशी," ती नवऱ्याला म्हणाली. "आवळू नका. नुसतं धरा."

सोनबाने गुडघे टेकले आणि चांदीचं डोकं मांडीवर घेतलं. एवढंसं डोकं. शिंगं अजून पुरती फुटलीसुद्धा नव्हती.

"पाट हाय गो ही, अजून शेळी नाय झाली," तो पुटपुटला. "परवापरवापत्तुर आयशीला लुचत होती."

बोटं चोचीसारखी जुळवून ठकूबाईने हात आत घातला आणि डोळे मिटले. जे बघायचं ते आता बोटांनीच. पिलाचा एक पाय तोंडाखाली सरळ होता, दुसरा मागे मुडपला होता. पिलू मोठं आणि वाट लहान. कळ ओसरू देऊन तिने पिलाला हलकेच मागे लोटलं, मुडपलेला खूर आत कुठे लागू नये म्हणून तळव्यात झाकला आणि पुढे आणला. मग चांदीने जोर केला की ओढायचं, ती थांबली की थांबायचं. तोंडाने वाघजाईचं नाव चालू होतं.

ओट्यावर पाण्याचा तांब्या भरलेला तसाच होता. नदीवरून तांब्या आणायचा आणि उजाडता उजाडता वाघजाईच्या पायांवर घालायचा, हा तिचा नेम. ह्या घरात सून म्हणून आली तेव्हापासूनचा. सावित्री नदीला पूर येऊन दासगावची वाट बुडाली तरी तो चुकला नव्हता. आज उन्हं ओट्यावर आली होती.

पिलू बाहेर आलं ते निपचित. ठकूबाईने त्याच्या नाकातला चिकटा काढला, पेंढ्याने अंग चोळलं, तोंडात फुंकर घातली. पुन्हा घातली. मग हात आवरला. काळं पिलू होतं, कपाळावर पांढरा टिळा. तसा टिळा गावात एकाच बोकडाच्या कपाळावर होता.

गेल्या साली ह्याच पेंढ्यावर तांबू नावाची अशीच एक पाट गेली होती. तिचं पिलू बाहेरच आलं नव्हतं. तेव्हा सगळे म्हणाले होते, देवीने नेली.

वाघजाईच्या नावाने सोडलेला तो बोकड. पुढच्या जत्रेपर्यंत गाव त्याचं. त्याला दावं लावायचं नाही, हाकायचं नाही, त्याच्या तोंडावर दार लावायचं नाही. सुपातले तांदूळ त्याने खाल्ले तर बायकांनी हात जोडायचे. आणि त्याला सगळ्यात आधी सापडायच्या त्या नुकत्या दूध तुटलेल्या पाटी. ठकूबाईने गुरवाला, कोंडाजीला, एकदा सांगून पाहिलं होतं, ह्या लहान पाटी मोठ्या होईतो तरी बोकडाला देवळामागे बांधा. "देवीला दावं लावतेस?" म्हणून तो हसला होता.

मग चांदी गाभण राहिली, तशी ठकूबाईने तिला डोंगरावर जाऊच दिलं नाही. दुसरी शेळी ढुशी देईल म्हणून वेगळी बांधली. उंबराचा पाला हाताने भरवला. दिवस भरत आले तसे दाणे मात्र बंद केले, कारण आईच्या तोंडातलं पोटातलं पिलूच खातं आणि मोठं होतं. एवढं करूनही हे असं.

तिने जार पडू दिली, चांदीच्या तोंडाशी नाचणीची कोमट पेज धरली. चांदीने ओठ हलवले, मान उचलली नाही.

तेवढ्यात दारात सावली पडली. वाघजाईचा बोकड आत आला, नाक वर करून वास घेत, आणि सरळ कोपऱ्याकडे गेला. तिथे चांदीची जुळी बहीण भिंगरी बांधलेली होती. सवयीने सोनबाचे हात जोडले गेले.

ठकूबाई उठली. तिने हात धुतले, कोनाड्यातला करंडा घेतला आणि बोकडाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मग खुंटीवरची सोनबाची जुनी घोंगडी ओढून तिचा एक पट्टा टराटरा फाडला. मेंढ्याला मेंढीवर चढता येऊ नये म्हणून घाटावरचे धनगर त्याच्या पोटाशी कापड बांधतात, ते तिने पाहिलं होतं.

"काय करतेस गो? खुळी झालीस?"

"त्याचं तोंड धरा."

"देवीचा हाय तो!"

"म्हनून तर कुंकू लावलं. धरा."

सोनबाने धरलं. तिने पट्टा बोकडाच्या पोटाखालून घेतला, पुढे झालरीसारखा लोंबता ठेवला आणि पाठीवर गाठ मारली. बोकड दोनदा उडाला, शिंकला आणि घोंगडीचा घागरा मिरवत वाटेला लागला.

दुपारपर्यंत गावभर झालं. पोरं मागे धावत होती, "देवीच्या बोकडाला लंगोट!" म्हणून ओरडत होती. कोंडाजी आला तो तांबडालाल होऊन. हातात तो घोंगडीचा पट्टा.

"हे तुझं काम?"

"माझंच."

"बोकड देवीचा हाय, ठकूबाय. तो जाईल तिथं देवी जाते."

ठकूबाईचा आवाज कधी चढत नसे. तो आताही चढला नाही.

"कोंडाजीभाऊ, देवी माझ्या गोठ्यात आली तर मी तिचे पाय धुवीन. पन ती पोरींना मारायला यायची नाय. तो बोकड येतो."

"मी सोडलंय हे. पुन्हा बांधशील तर बघ."

"पुन्हा बांधीन."

बाईच्या जिवाला कुठे लागेल हे कोंडाजीला ठाऊक होतं.

"मग उद्यापासून देवळाची पायरी चढायची नाय. तुझं पानी नाय नि तुझं फूल नाय."

सोनबाने मान खाली घातली. ठकूबाईने ओट्यावरच्या तांब्याकडे पाहिलं. पदर सारखा केला.

"तो पट्टा तेवढा ठेवून जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती तांब्या घेऊन देवळाशी गेली आणि खालीच उभी राहिली. हात जोडले, सगळ्यात खालच्या पायरीच्या कडेला पाणी घातलं. ते मातीत जिरेपर्यंत बघत राहिली. मग बोकड शोधला आणि पट्टा बांधला. कोंडाजीने सोडला. तिने परत बांधला. हे रोजचंच होऊन बसलं.

नदीवर बायका तिची वाट बघायच्या.

"ठकूबाय, आमच्या कोंबड्यालाबी एक शीव गो!"

"कापड आन, शिवते."

"आनि आमच्या घरधन्याला?"

"त्याला तूच बांध. मला नाय आवरायचा."

बायका हसायच्या. पण हसता हसता एखादी जवळ सरकून, कपडा पिळता पिळता हळूच विचारायची, गाठ कशी मारलीस म्हणून.

देवळाचं अंगण झाडायला कोंडाजीची बायको असायची, येसूबाई. ती हसायची नाही, बोलायची नाही. ठकूबाई पायरीशी पाणी घालायची तेवढ्यापुरता तिचा खराटा थांबायचा. येसूबाईची एकुलती लेक, सोनी, दासगावात दिली होती. सागरगोट्या खेळायचं वय. पहिल्याच बाळंतपणात गेली. तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते, देवीने नेली. त्या दिवसापासून येसूबाई कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे.

एका सकाळी खराटा थांबला तो परत चालू झाला नाही.

"उभी राहिली काय गो ती पाट?" येसूबाईने जमिनीकडे बघत विचारलं.

"नाय अजून. पेज पिते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

"पुढचे पाय टेकले. मागचे धरत नायत."

"तेल चोळ. तिळाचं," येसूबाई म्हणाली आणि झाडू लागली.

मग एका सांजेला कोंडाजीने बोकडाचा पट्टा सोडला आणि सगळ्यांच्या देखत नदीत फेकला. घोंगडी भिजून जड झाली, गिरकी घेऊन बुडाली. "आता काय बांधतेस ते बघू," तो म्हणाला.

घोंगडीचा राहिलेला तुकडा चांदीच्या अंगाखाली होता. तो काढायचा म्हणजे तिला थंड जमिनीवर टाकायची. ठकूबाईजवळ लुगडी दोनच. एक अंगावर, एक दांडीवर. सोनबा बघत असता तिने दांडीवरचं काढलं आणि पदर दातात धरून फाडला.

"सनाला काय नेसशील?"

"फाटकं नेसीन. देवीला लाज वाटली तर ती देईल."

सकाळी एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पदराचा तुकडा घेऊन ती देवळाशी आली आणि थबकली.

बोकड वरच्या पायरीवर कोवळ्या उन्हात रवंथ करत बसला होता. त्याच्या पोटाशी आधीच काहीतरी होतं. हिरवा खण, तांबड्या काठाचा. वाघजाईच्या ओटीतला. दुहेरी घेऊन बारीक टाक्यांनी शिवलेला, नाड्या पाठीवर घट्ट बांधलेल्या. ओटीतल्या कापडाला गुरवाच्या घराशिवाय कुणी हात लावत नसे.

कोंडाजी बोकडासमोर उभा होता. नाडीकडे गेलेला त्याचा हात अर्ध्यावरच राहिला होता. देवीच्या ओटीतलं वस्त्र देवीच्याच बोकडाच्या अंगावरून ओढून काढायचं ते कसं, हे त्याला सुचत नव्हतं.

"हे... हे कुनी..."

येसूबाई अंगण झाडत होती. तिने खराटा भिंतीला टेकवला आणि नवऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"देवीचं वस्त्र हाय ते. हात लावायच्या आधी आंघोळ करून या."

कोंडाजीने हात मागे घेतला. तो धोतराचा सोगा सावरत देवळामागे विहिरीकडे निघून गेला. रहाटाचा आवाज मात्र आला नाही.

येसूबाई पायरीशी आली. ठकूबाईच्या हातातला पदराचा तुकडा तिने काढून घेतला, नीट घडी घातली आणि आपल्या कमरेला खोचला.

"लुगडं आन. हा तुकडा जोडून देते," ती म्हणाली. "आनि पानी खाली नको घालू. वर ये."

ठकूबाईने तांब्या दोन्ही हातांत धरला.

"चांदी?" येसूबाईने विचारलं.

"उभी हाय," ठकूबाई म्हणाली आणि पहिली पायरी चढली.